चाकांवरची गिरकी: कलात्मक स्केटिंगसाठी मूल कसं पारखावं

बेळगावात संध्याकाळी कुठल्याही रिंकवर जा, पालकांच्या नजरा सर्वांत जोरात पळणाऱ्या पोरावर खिळलेल्या असतात. वेगाच्या शर्यतीसाठी ते बरोबर आहे. कलात्मक स्केटिंगचं, म्हणजे चाकांवर गिरक्या आणि उड्या घेण्याच्या प्रकाराचं, मूल मात्र बऱ्याचदा कोपऱ्यात एकटंच गोल फिरत असतं आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बर्फावरचं फिगर स्केटिंग आपल्याकडे फारसं नाही, पण ॲक्सल, साल्कोव, लुट्झ या उड्या चाकांवरही त्याच नावाने मारतात. बर्फावर पात्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेवर तोल पेलायचा, इथे चार चाकांचा स्केट त्या बाजूला कलवायचा. म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलात जे शोधायचं, ते दोन्हीकडे जवळजवळ सारखंच.

पहिल्या दिवशी स्केट्स पिशवीतच राहू द्या. मुलाला अनवाणी लंगडी घालायला सांगा आणि मध्येच "थांब" म्हणा. किती फेऱ्या झाल्या हे मोजू नका. थांबल्यावर त्याच पायावर शरीर किती लवकर स्थिर होतं, ते पाहा. मग दुसरा पाय. नंतर हेच डोळे मिटून उभं राहून, भिंतीजवळ.

पुढे उडी. जागच्या जागी उडी मारून एका पायावर उतरायचं आणि तीन मोजेपर्यंत हलायचं नाही. उडीच्या उंचीला आपण उगाच भुलतो. मला उतरण्याचा आवाज जास्त सांगून जातो. धप्पकन आदळणाऱ्या मुलाचा गुडघा बहुधा ताठ असतो, मऊ उतरणाऱ्याचा आपोआप वाकतो. गुडघा आत कोसळत असेल तर ते नोंदवा, पण त्यावरून मुलाला बाद करू नका. ताकद वाढली की ते बरंच सुधारतं.

खरी पारख गिरकीत आहे, इथे घाई नको. नागपंचमीला पोरी फुगडी घालतात तेव्हा नीट पाहा: फुगडी सुटल्यावर कोण सरळ उभी राहते, कोण भेलकांडते. भोवळ सरावाने कमी होते, त्यामुळे हा शेवटचा निकाल धरू नये. मग मुलाला एकट्याने उडीत अर्धा वळसा घ्यायला लावा, जमला की पूर्ण. दोन्ही बाजूंनी. बहुतेक मुलं डावीकडे सहज वळतात. एखादं उजवीकडे वळत असेल तर ते तसंच राहू द्या, तो दोष नाही.

आता तीच उडी आधी हात पसरून आणि मग हात छातीशी घेऊन. हात मिटले की फिरण्याचा वेग वाढतो, हे प्रत्येक मुलाला जाणवतं. फरक पडतो तो हात कधी मिटतात यात. मोठमोठ्या खेळाडूंनाही हवेत एक सेकंदसुद्धा मिळत नाही. ॲक्सल पुढे तोंड करून मारतात आणि उतरतात मागे तोंड करून, म्हणून साध्या एकेरी ॲक्सललाही दीड वळसा लागतो. जमीन सुटताच अंग आवळून घेणारं मूल दिसलं, तर वहीत त्याच्या नावाखाली रेघ मारा.

ताल तपासायला लेझीम पुरे. ठेका बदलल्यावर पाय किती लवकर बदलतात, एवढंच.

नंतर स्केट्स. हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांची पॅड्स घालूनच. एक अगदी नवी गोष्ट शिकवा, समजा एका पायावर मागे घसरणं, आणि चार आठवडे दर आठवड्याला तारीख घालून लिहीत जा. पहिल्या दिवशी चमकलेलं मूल आधीच कुठेतरी शिकलेलं असू शकतं. चार आठवड्यांत कोण किती पुढे सरकलं, यावर माझा जास्त विश्वास आहे. पडल्यावर मूल प्रशिक्षकाकडे बघतं की आपल्या पायाकडे, हेही लिहा. पायाकडे बघणारं मूल चूक स्वतः शोधत असतं.

वहीत जन्मतारीख असायलाच हवी. एकाच गटात जानेवारी आणि डिसेंबरची मुलं असतात, आणि सातव्या वर्षी अकरा महिने फार मोठे. मुली साधारण बाराव्या आणि मुलगे चौदाव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने उंच होतात. त्या काळात तोल बिघडतो, जमलेली उडीही हरवते. खानापूरकडच्या एका मुलीला अशाच वर्षी मी मागच्या गटात टाकलं. ती पुन्हा आली नाही, आणि चूक माझी होती. अशा वेळी उड्या कमी करा आणि थांबा. जेवण तोडायला तर कधीच सांगू नका. बर्फावरच्या स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही 2022 मध्ये वरिष्ठ गटाचं किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 करायचं ठरवलं. म्हणजे दहाव्या वर्षीच निकाल लावायची घाई कुणालाच नाही.

शेवटची नोंद पावसाळ्यात घ्या. रिंक ओली, सराव बंद. घरच्यांना विचारा, सोप्यात कुणी न सांगता पोर गिरक्या घेतं का.