नागपूरकरांनी हिमालयातला पहिला ट्रेक कसा निवडावा?

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. म्हणून ट्रेक निवडताना फोटो नंतर बघा, आधी रोजच्या मुक्कामाची उंची बघा. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये. वाढली की डोकेदुखी, मळमळ सुरू होते. तिथे धडधाकट माणूसही आडवा होतो.

हिमाचलमधली हम्पता पास ही खिंड (४,२७० मीटर) इथेच फसवते. मनालीहून पहिल्याच दिवशी बरीच चढाई होते, म्हणून मनालीत एक दिवस जास्तीचा थांबा. पूर्ण नवख्यांनी उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर घ्यावं: सांकरी गावापासून चढ, माथा सुमारे ३,८०० मीटर, बर्फ डिसेंबर ते मार्च. फुलांसाठी उत्तराखंडातलीच व्हॅली ऑफ फ्लॉवर्स; उघडते १ जूनला, पण खरा बहर जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा दरडी कोसळून रस्ते बंद पडतात, परतीच्या रेल्वेआधी दोन दिवस मोकळे ठेवाच.

सराव दोन महिने आधी. फुटाळ्याला सपाटीवर चालून भागत नाही. रामटेकच्या पायऱ्या सहा-सात किलोची बॅग पाठीवर घेऊन चढा आणि उतराही, कारण गुडघे उतरतानाच बोलतात. उन्हाळ्यात हे पहाटेच उरका.

बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून घ्या. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. नवे बूट घालून थेट ट्रेकला जाऊ नका.

दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर पैसे भरण्याआधी डॉक्टरांना विचारा.