मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक्स? ऑप्शन फॉर्म भरताना या चुका टाळा

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा रिझल्ट लागला की कॉलेज-ब्रँचच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरताना ठाणे-ऐरोलीतले पालक दरवर्षी तेच करतात, मागच्या वर्षीचा कटऑफ (शेवटची सीट किती मार्कांवर गेली ते) उघडतात आणि ज्या ब्रँचचा कटऑफ जास्त ती वर टाकतात. अहो, कटऑफ म्हणजे त्या वर्षी ती ब्रँच किती जणांनी मागितली एवढंच, तुमच्या पोराला ती झेपेल का हे त्यात कुठे लिहिलंय?

आमच्या सोसायटीतला एक मुलगा, बाबांच्या स्कूटरचा कार्ब्युरेटर खोलून साफ करून परत बसवायचा. कटऑफ बघून इलेक्ट्रॉनिक्सला घातला. दुसऱ्या वर्षी सिग्नल्स, लाप्लास, फुरिये असलं न दिसणारं गणित सुरू झालं आणि पोरगं गळपटलं, कारण त्याला डोळ्याला दिसेल, हातात धरता येईल असंच काम लागतं. केटीवर केटी, म्हणजे विषय राहतच गेले. हुशार पोरगा होता हो, जीव तुटतो.

म्हणून माझ्याकडे कोणी विचारायला आलं की मी आधी ब्रेडबोर्ड देतो, सोल्डर न करता सर्किट जोडायची भोकांची पट्टी. ५५५ टायमर (आठ पिनांची छोटी चिप), दोन-तीन रेझिस्टर, कपॅसिटर, एलईडी, लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळतं सगळं. एलईडी लुकलुकवून दाखव म्हणतो आणि चार नंबरची पिन मुद्दाम मोकळी ठेवतो. ती रिसेटची, प्लसला जोडली नाही तर सर्किट कधी चालतं कधी नाही. मल्टिमीटर घेऊन तासभर पिना चाचपत बसलं तर इलेक्ट्रॉनिक्स खुशाल घ्या. वैतागलं तर बंद पडलेला मिक्सर पुढे ठेवतो, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) एकाच बाजूने का झिजलाय असं स्वतःहून विचारलं की मेकॅनिकल. यासाठी एक रविवार जातो, तेवढाही धीर नसलेल्यांना चार वर्षं कशी निघणार?

मित्र जातोय म्हणून जाऊ नका. मेकॅनिकल मुलींचं नाही म्हणणाऱ्याचं ऐकू नका. कोडिंगच करायचं असेल तर सरळ कॉम्प्युटर टाका. आणि कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, पहिल्या राऊंडला पहिलाच ऑप्शन लागला की सीट ऑटो फ्रीझ होते, पुढच्या राऊंडला बदलता येत नाही, तेव्हा पहिल्या नंबरला उगाच काहीतरी टाकू नका.

शेवटची चूक, एक ब्रँच घेतली की दुसरीशी संबंध संपला असं समजणं. रबाळे-महापेच्या कारखान्यांत कुठल्याही सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) पार्टचं माप हलायला लागलं की डायल गेज लावून अ‍ॅक्सिस पुढे-मागे करून बघतात. फक्त दिशा बदलताना फरक येत असेल तर बहुतेक बॉलस्क्रूचा बॅकलॅश, म्हणजे अ‍ॅक्सिस सरकवणाऱ्या स्क्रूतली ढिलाई, कधीही कसाही येत असेल तर एन्कोडर (जागा मोजणारा सेन्सर) आणि त्याची केबल तपासा. पहिला दोष मेकॅनिकलचा, दुसरा इलेक्ट्रॉनिक्सचा, मशीन एकच. मेकॅनिकलला गेलात तर मेकाट्रॉनिक्स (मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स जोडणारा विषय) मनापासून शिका, इलेक्ट्रॉनिक्सला गेलात तर पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग पाट्या टाकून काढू नका.