‘डाइड-इन-द-वूल’चा अर्थ लावायचा कसा?

इंदूरच्या रामबागेत माझ्याकडे इंग्रजीला येणारी मुलं हे विशेषण ऐकलं की हमखास ‘लोकरीत मेलेला’ असा अर्थ काढतात. म्हणून आधी स्पेलिंग बघायचं. डी-वाय-ई-डी, म्हणजे रंगवलेला. मरणाबिरणाचा काही संबंध नाही.

मग विचारायचं, ही भाषा कुठल्या धंद्यातली? रंगाऱ्यांची. कापडाला रंग तीन वेळी देता येतो: विणून झाल्यावर अख्ख्या ठाणाला, विणण्याआधी सुताला, नाहीतर सूत कातायच्याही आधी, सुट्या लोकरीला. आपल्या जवळच्या महेश्वरला साडीचं सूत रंगवून मग मागावर चढवतात, म्हणजे दुसरी पद्धत. ‘इन द वूल’ म्हणजे तिसरी. तिच्यात तंतू न् तंतू रंग पितो. इंग्लंडात लोकरीचा धंदा जोरात होता, तिथे 16व्या शतकापासून हा शब्दप्रयोग सापडतो.

पाठ करू नका, करून बघा. जुन्या जीन्सच्या फाटलेल्या काठातून एक निळा धागा ओढा आणि नखाने पीळ उलगडा. आत पांढरा निघेल. नीळ वरवरच बसलेली असते, म्हणून तर जीन्स विटते. आता राखाडी मेलांज, म्हणजे मिश्र रंगी तंतूंच्या, स्वेटरचा धागा उलगडा. काळे आणि पांढरे तंतू वेगवेगळे दिसतील, कारण ते रंगवून मग एकत्र कातलेले असतात. मुलांना हे दाखवलं की अर्थ सांगावा लागत नाही: तंतूत रंग भिनावा तसं ज्याच्यात मत भिनलंय तो, म्हणजे पक्का, कट्टर.

19व्या शतकात अमेरिकेच्या राजकारणात हे विशेषण पक्षाच्या कट्टर माणसांना चिकटलं. आजही ते मत, पक्ष, श्रद्धा, फार तर क्रिकेटची टीम यांच्याबाबत शोभतं. वर्षानुवर्षं तबला वाजवणाऱ्याला ते लावू नका. त्याला आपण ‘मुरलेला’ म्हणतो, ती गोष्ट निराळी. आणि कौतुक करताना जरा जपून, कारण त्यात हटवादीपणाची छटा येऊ शकते. सासरेबुवांबद्दल इंग्रजीत लिहायचं असेल तर दोनदा विचार करा!

राहता राहिल्या मधल्या आडव्या रेघा. नामाच्या आधी आलं तर चारही शब्द रेघांनी जोडायचे. क्रियापदानंतर आलं तर बहुतेक वेळा सुटे लिहितात. परीक्षेत मुलं पहिल्या दोन रेघा देतात आणि तिसरी विसरतात.