गायरानावर जंगल परत आणताय? खड्डे खणायच्या आधी या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे माळ दिसला की झाडं लावायची. मुळशी, जावळीच्या घाटमाथ्यावर जिथे 2000 मिमीच्या वर पाऊस पडतो तिथला उघडा माळ बऱ्याचदा खरंच तुटलेलं जंगल असतो, पण सासवड, बारामती, सोलापूरकडचा 500-700 मिमी पावसाचा माळ मुळातच गवताळ रान आहे, तिथे लांडगा, खोकड, चिंकारा राहतात आणि कार्बन गवताच्या मुळांत न् मातीत साठलेला असतो. झाडं लावून हवेतला कार्बन साठवायच्या नावाखाली तिथे जेसीबी घालू नका, कळकळीची विनंती आहे.

घाटातला माळ असेल तर आधी जून-जुलैत नुसतं फिरा. गवतात ऐन, कुंभा, हिरडा, जांभूळ यांच्या जुन्या खुंटांना फुटवे आलेले दिसतील, दरवर्षी गुरं खातात आणि वणवा जाळतो म्हणून ते गुडघ्याच्या वर जात नाहीत एवढंच, खाली मुळं जाडजूड आहेत. नर्सरीचं रोप याची बरोबरी करूच शकत नाही. आणि करवंदीच्या जाळ्या साफ करू नका हो! त्या काट्यांत गुरं तोंड घालत नाहीत, म्हणून पक्ष्यांनी टाकलेली बी तिथेच वाचते.

ग्लिरिसिडिया, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही बाहेरची झाडं केवळ भराभर वाढतात एवढ्यासाठी लावू नका, ते देशी जंगल नाही.

चराई बंद केली, दोन वर्षं छान गेली आणि मग सगळं जळालं, असं होतंय? कारण चराई थांबली की गवत कमरेएवढं वाढतं आणि फेब्रुवारीत एक काडी पुरते. दिवाळीनंतर गवत वाळलं की जाळरेषा काढा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, आणि गवत गावाला कापून न्यायला द्या. ज्यांची गुरं तिथे चरायची त्यांच्याशी आधी बोला, नाहीतर तीच गुरं शेजारच्या डोंगरावर जातात, तिथलं रान संपतं आणि तुमच्या हिशोबातला कार्बन कागदावरच राहतो.

हिशोबात अजून एक गोंधळ कायम दिसतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण 47 टक्के कार्बन धरतात, आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड काढायला 3.67 ने गुणायचं, हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका. आधीपासून उभी असलेली झाडं पहिल्याच वर्षी मोजून ठेवा, घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा, 1.3 मीटरवर, नाहीतर नंतर नवीन काय वाढलं हे सांगताच येत नाही.