बोर्डातली कुठली वायर कशाची? नवा सॉकेट बसवायच्या आधी हे बघा

बोर्ड उघडला की आत पाच-सहा वायरी निघतात आणि आपण लगेच रंगावरून ठरवून टाकतो, लाल किंवा तपकिरी म्हणजे फेज (करंट आणणारी), काळी किंवा निळी न्यूट्रल (करंट परत नेणारी), हिरवी अर्थिंग (जमिनीला जोडलेली, सुरक्षेसाठी). पण वायरिंग करणाऱ्याने ते पाळलंय कशावरून? स्विचमधून दिव्याकडे जाणारी वायर कित्येकदा काळीच निघते आणि स्विच चालू केला की तिच्यात पूर्ण फेज येतो.

आधी एमसीबी शोधा, म्हणजे मेन बोर्डातला त्या लाइनचा सप्लाय तोडणारा छोटा स्विच. जवळच्या सॉकेटला लॅम्प लावून एकेक एमसीबी पाडत जा, लॅम्प विझला की त्या एमसीबीवर चिठ्ठी चिकटवा. तेवढ्यावर थांबू नका हं, त्याच बोर्डात दुसऱ्या एमसीबीची किंवा इन्व्हर्टरची वायर असू शकते. मी एकदा एमसीबी पाडून निवांत हात घालणार होतो, सवयीने टेस्टर लावला तर पेटला! इन्व्हर्टरची लाइन होती. तेव्हापासून टेस्टर आधी चालू पॉइंटवर, मग प्रत्येक वायरीला, मग परत चालू पॉइंटवर, कारण टेस्टरच खराब असेल तर बंद-चालू कळणारच नाही.

आता मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद, फोटो काढा, वायरी सुट्या करा, टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी लांब ठेवा आणि मग सप्लाय चालू करून मल्टीमीटर एसी व्होल्टेजवर लावा, प्रोबचं प्लॅस्टिकच धरायचं. 230 व्होल्टच्या सप्लायला फेज-न्यूट्रल साधारण 230, फेज-अर्थिंगही जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थिंग एक-दोन व्होल्ट. मधलंच काहीतरी, 60-80 वगैरे दिसलं तर ती वायर बहुतेक कुठेच जोडलेली नाही, शेजारच्या चालू वायरीमुळे मीटर तसं दाखवतो. दुसरीकडच्या स्विचबरोबर जिचं रीडिंग येतं-जातं ती दिव्याची, तिच्यावर सॉकेट जोडू नका.

बोर्डात न्यूट्रलच नसेल तर अर्थिंगला न्यूट्रल करायचं नाही, अजिबात नाही! फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या बॉडीत करंट उतरतो त्याने, जीव जाऊ शकतो. न्यूट्रलची वेगळी वायर ओढून घ्या.

जाडीही बघा, वायरीवर छापलेली असते. दिव्यांना सहसा 1.5 स्क्वेअर एमएम, सॉकेटला 2.5. दिव्याच्या लाइनवर हीटर नको. आणि आतली तार चंदेरी, मऊ निघाली तर ती ॲल्युमिनियम असू शकते, तिला तांब्याची वायर नुसती पिळून जोडली की जोड तापतो. तिथे परत मेन पाडा, बोर्ड झाका आणि लायसन्सवाला वायरमन बोलवा.