छोटी स्पोर्टी गाडी खड्ड्यावर आदळते? आधी हवा, मग रबर, स्प्रिंग सगळ्यात शेवटी

स्पोर्टी हॅचबॅक थोडी कडक असणारच. वळणावर ती फारशी झुकत नाही, याचं कारणच तो कडकपणा आहे. पण जुळे सोलापुरातून विजापूर नाक्यापर्यंत जाताना कंबरेला दणके बसत असतील, तर ते सगळे कंपनीने दिलेले नसतात. बरेचसे जास्त हवेतून, म्हाताऱ्या टायरमधून आणि फाटलेल्या रबरातून येतात. आपल्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे वर डांबर चांगलं दिसलं तरी खाली रस्ता लाटेसारखा होतो. रस्ता आपल्या हातात नाही, गाडी आहे.

खर्च करण्याआधी आवाज ओळखा. बारीक भेगेवर किंवा पुलाच्या सांध्यावर ‘टक’ असा कोरडा ठोका बसला तर संशय टायर आणि हवेवर. मोठ्या खड्ड्यात ‘धप्प’ झालं तर सस्पेन्शन (चाक आणि गाडी यांच्यामधली स्प्रिंग-शॉकअपची जोडणी) तळाला टेकतंय. हळू चालताना ‘खट्खट्’ वाजत असेल तर सस्पेन्शनमधला लिंक रॉड (जोडदांडा) किंवा बुश (सांध्यातलं रबर) बघा. गतिरोधक ओलांडल्यावरही गाडी डोलत राहिली तर शॉकअप, म्हणजे स्प्रिंगचं उसळणं आवरणारे दांडे, गेलेत. रोजच्या वाटेवरचा एकच तुकडा ठरवा, तिथून दर वेळी ताशी 40 च्या वेगाने जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

पहिली हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे असू शकतात, पुढच्या-मागच्या चाकांचेही. एकटे फिरत असाल तर कमी माणसांचा आकडा तुमचा. पंपावर काही न सांगता हवा भरली की बऱ्याचदा 35 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) पुढे जाते आणि गाडी दगडासारखी होते. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा, शक्यतो स्वतःच्या गेजने. तापमान 10 अंशांनी चढलं की प्रेशर साधारण दीड पीएसआयने वाढतं. म्हणजे सकाळी 33 असलेला टायर एप्रिलच्या दुपारी हायवेवरून आल्यावर 37-38 दाखवेल. त्या वेळी हवा सोडू नका. सकाळी ती कमी भरते. स्टिकरच्या आकड्याखालीही जाऊ नका. कमी हवेचा टायर जास्त दुमडतो, तापतो, आणि 42 अंशांत हैदराबाद रोडवर फुटतो तो असाच. खड्ड्यात रिमही वाकते. नायट्रोजन भरून गाडी मऊ होत नाही. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. प्रेशर तेच, तर दणकाही तोच.

मग टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. पाच-सहा वर्षं इथलं ऊन खाल्लेला टायर नक्षी शिल्लक असली तरी आतून कडक झालेला असतो. नख दाबून बघा. नव्या टायरच्या मानाने रबर लाकडासारखं लागलं तर समजा.

खरी गंमत साइजमध्ये आहे. ह्युंदाईच्या आय20 एन लाइनला 195/55 आर16 टायर येतो: 195 मिलिमीटर रुंदी, 16 इंची रिम. त्याची भिंत 195 च्या 55 टक्के, म्हणजे 107 मिलिमीटर. 185/65 आर15 ची भिंत 120 मिलिमीटर, आणि पूर्ण चाकाचा व्यास दोन्हीकडे साधारण 621. स्पीडोमीटर चुकत नाही, दणका झेलायला 13 मिलिमीटर जास्त रबर मिळतं. मात्र 15 ची रिम घेण्याआधी ती तुमच्या ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना, हे चाक लावून फिरवून बघा. पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं) आणि मधलं भोकही जुळलं पाहिजे. तुमच्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटला कंपनी कोणती साइज देते ते आधी पाहा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळपेक्षा कमी नको. आणि दिसायला छान म्हणून 17 चे मॅगव्हील टाकले असतील तर पुढचं काही करण्याआधी ते उतरवा.

आता रबर. पुढचा शॉकअप टॉर्च मारून बघा. धुळीचं बूट (रबरी आवरण) वर सरकवलं की रॉडवर फेसासारखा बंप स्टॉप दिसतो. जुना झाला की तो बोटांत कडक भाकरीसारखा कुस्करतो. तो नसला की धातूवर धातू आदळतो, तोच ‘धप्प’. वरचं माउंटिंग आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुशही तडकलेत का पाहा. बुश बदलताना एक चूक फार होते. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळतात. गाडी खाली आली की आतलं रबर कायमचं पिळलेलं राहतं, प्रत्येक खड्ड्याला विरोध करतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिकला स्पष्ट सांगा: बोल्ट हाताने लावा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मगच फायनल टाइट करा.

ग्राउंड क्लिअरन्स वाढवायला स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर बसवला असेल तर तो काढून टाका. तो काही वेढे जाम करतो, आणि वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते.

शॉकअपवर तेलाचा ओघळ असेल, किंवा बोनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबायच्या ऐवजी दोन-तीनदा हलत असेल, तर बदला. एका ॲक्सलचे दोन्ही एकदम, सोबत नवं माउंटिंग, बंप स्टॉप आणि बूट. स्पोर्टी स्प्रिंगला साध्या व्हेरिएंटचे मऊ शॉकअप जोडू नका. स्प्रिंग उसळते आणि तिला आवरणारं कुणी राहत नाही. बदलायचंच तर स्प्रिंग आणि शॉकअप एकाच व्हेरिएंटचा सेट घ्या. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीवघेणी ताकद असते, त्यामुळे योग्य कॉम्प्रेसर नसताना हे काम घरी करू नये.

मागची बाजू रिकाम्या गाडीत थोडी उडणारच, कारण ती स्प्रिंग पाच माणसं आणि सामानाच्या हिशोबाने असते. घरची सगळी मंडळी घेऊन अक्कलकोटला जाताना तीच गाडी मऊ वाटते. निघण्याआधी मागची हवा भरलेल्या गाडीच्या आकड्यावर न्या, परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आणा.

पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडणी) उघडला की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करावंच लागतं. 500 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासून घ्या आणि नव्या शॉकअपच्या रॉडवर बोट फिरवून तेल लागतंय का पाहा.