आषाढातलं वार्निश आणि साडेपाचशेचा रोबोट

आधी मुद्द्याचं सांगते, मग बाकीचं. पुण्यात राहत असाल आणि बाहेर पाऊस धरलेला असेल, तर स्प्रेच्या डब्यातलं वार्निश त्या दिवशी मारू नका. प्लॅस्टिकचे भाग जोडून रंगवायच्या मॉडेलचं किट कितीही पूर्ण झालेलं असो, दुसऱ्या दिवशी कोणाचाही वाढदिवस असो. मी मारलं होतं. सहा आठवड्यांचं काम पंधरा मिनिटांत पांढरं पडलं.

पहिलं किट स्वस्तच घ्या. माझं साडेपाचशेचं होतं. रविवारी जुन्या बाजारात एका पथारीवर मिळालं. डब्याचा कोपरा चेपलेला, आतला कागद सगळा चिनी भाषेत, पण 1/144 मापाचा, म्हणजे खऱ्याच्या 144व्या हिश्श्याएवढा, बरा दिसणारा रोबोट होता. स्वस्त म्हटलं की काही लोक नाक मुरडतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. 1980च्या जुलैमध्ये बांदाई या जपानी कंपनीने गंडम या कार्टूनमधल्या रोबोटचं पहिलं किट काढलं, तेही याच मापाचं आणि 300 येनचं होतं. त्याला चिकटद्रव लागायचा, रंगही आपला आपणच द्यायचा. म्हणजे या छंदाची सुरुवातच स्वस्तातल्या, उघड्या प्लॅस्टिकवर झाली आहे. तीन हजारांच्या किटला हात लावताना हात थरथरतो. साडेपाचशेच्या किटला थेट करवत लावता येते, आणि शिकायला तेच हवं.

जोडणी, निपर, रनरवरून (भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात ती) भाग कसे कापायचे, हे तुम्हाला येत असणार, त्यात वेळ घालवत नाही. दोनच गोष्टी. रंगाआधी सगळे भाग भांड्याच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा. स्वस्त किटवर साच्यातल्या तेलाचा थर हमखास राहिलेला असतो आणि प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, तिथेच सुटतो. दुसरं, दोन अर्धे भाग जोडल्यावर पायांवरून आणि हातांवरून मधोमध राहणारी ती भेग. महागडं फिलर आणू नका. भेगेत फेविक्विकची बारीक रेघ सोडा, वर चिमूटभर खायचा सोडा टाका, क्षणात दगड होतो. लगेच घासायला घ्या, आधी 400 नंबरचा पॉलिश पेपर, मग 600, मग 1000. चहाला गेलात आणि तासाभराने आलात तर तो सोडा आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक झालेला असतो. मग प्लॅस्टिक झिजतं आणि सोडा तसाच राहतो.

डिटेलिंगचा, म्हणजे बारीकसारीक तपशील चढवायचा भाग मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. काही चिकटवायच्या आधी मापाचा हिशेब करा. 1/144 म्हणजे पाच फूट सात इंचांचा माणूस जेमतेम 12 मिलिमीटरचा. दोन मीटरचं दार 14 मिलिमीटरचं. तुम्ही ब्रशने एक मिलिमीटरचा ठिपका दिलात आणि त्याला नट म्हणालात, तर खऱ्या रोबोटवर तो नट 14 सेंटिमीटरचा झाला, वाटीएवढा. रंग उडाल्याचे पोपडे तर नवखे लोक इतके मोठे काढतात की त्या हिशेबाने पंचा वाळत घालता येईल. सगळं बारीक करा. वाटतं त्याच्या निम्मं करा, आणि मग पुन्हा निम्मं.

जास्तीचे भाग विकत घ्यायची गरज नाही. 1977च्या स्टार वॉर्सची यानं बनवणाऱ्यांनी रणगाड्यांची आणि मोटारींची किटं फोडून त्यांचे तुकडे यानांवर चिकटवले होते, आणि ते जगाला खरं वाटलं. माझ्या रोबोटच्या पाठीवर बॉलपेनच्या रिफिलचे तुकडे, त्याच पेनची स्प्रिंग, स्टेपलरच्या पिना वाकवून केलेल्या मुठी आणि बंद पडलेल्या घड्याळाची दोन चाकं आहेत. डोळ्यात दिवा हवा असेल तर तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा, 3 मिलिमीटरचा पांढरा एलईडी घ्या. सीआर 2032 या नाण्यासारख्या सेलवर तो थेट चालतो, रेझिस्टरच्या भानगडीत पडायला नको. मात्र डोकं बंद करायच्या आधी पेटवून बघा. मी बंद केल्यावर बघितलं, आणि एलईडीचे प्लस-मायनस पाय उलटे लागले होते.

गंज कसा दिसतो हे पडद्यावर बघून शिकू नका. धायरी-आंबेगावकडे पाण्याचे टँकर उभे असतात, तिथे दहा मिनिटं घालवा. झाकणाच्या कडेपासून ओघळ सुरू होतो तिथे तो गडद, जवळजवळ काळा असतो. खाली येताना नारिंगी होतो, आणि शेवटी नुसती पिवळसर छटा उरते. नळाच्या खाली शेवाळाची हिरवी जीभ. शिडीच्या पायऱ्यांचा रंग फक्त मधोमध उडालेला, कारण पाय तिथेच पडतो. टाकीच्या उघड्या पाठीवर, जिथे कोणाचा हात लागत नाही, तिथे काहीच नाही, नुसती धूळ. हे एकदा पाहिलं की रोबोटच्या छातीवर वाटेल तिथे खरवडे काढायची इच्छाच होत नाही. पोपडे भांडी घासायच्या स्पंजच्या तुकड्याने टिपायचे, ओघळ पातळ रंगाने वरून खाली ओढायचे. यासाठी कॅम्लिनच्या अॅक्रिलिक ट्यूबा छान चालतात, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, बस. मूळ रंगासाठी मात्र त्या वापरू नका, ब्रशच्या रेघा राहतात. आणि काळा वॉश, म्हणजे खाचांत सोडायचा पाण्यासारखा पातळ रंग, सगळीकडे भरणाऱ्यांशी माझं वैर आहे. काळ्याने कोळशाच्या वखारीतून उचलून आणल्यासारखं दिसतं, बर्न्ट अंबर घ्या. इनॅमलचा वॉश उघड्या प्लॅस्टिकवर, विशेषतः घट्ट बसवलेल्या सांध्यात सोडू नका, थिनर आत झिरपतो आणि सांधा तडकतो. आधी ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत वार्निशचा थर, मग वॉश.

आता तो दिवस.

जुलैचा शेवट, शनिवार. दुसऱ्या दिवशी भाच्याचा वाढदिवस. रोबोट पूर्ण झाला होता, वॉश वाळला होता, फक्त वरून मॅट वार्निश मारायचं बाकी होतं, म्हणजे चकाकी जाऊन तो लोखंडासारखा दिसला असता. सकाळपासून झड लागली होती. मी बाल्कनीत खोका ठेवला, डबा हलवला, तीन हात मारले. ओलं असताना सुंदर दिसत होतं. आत येऊन चहा टाकला. परत गेले तर काळ्या द्राक्षांवर असते तशी पांढरी साय त्याच्या अंगभर चढलेली. खांद्यावर कमी, खाचांत जास्त. मला वाटलं वाळतंय अजून, जाईल. मग वाटलं थर कमी पडला. म्हणून मी, आणि हे लिहिताना आजही कानशिलं तापतात, वर आणखी एक हात मारला. तो आणखी पांढरा झाला. दुसऱ्या दिवशी भाच्याने हातात घेऊन विचारलं, “मावशी, याला फ्रीजरमध्ये ठेवला होतास का?”

झालं काय, ते नीट समजून घ्या, कारण कारण कळलं नाही तर तुम्हीही दुसरा हात माराल. स्प्रेमधला द्रावक भराभर उडून जातो. उडताना तो पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातो, हातावर स्पिरिट लावल्यावर गार लागतं तसं. डब्यातला वायू बाहेर पडताना फैलावतो, त्यानेही फवारा गार होतो. म्हणजे ओला थर आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड. हवा कोरडी असेल तर काही बिघडत नाही. पण हवा आधीच पाण्याने तुडुंब असेल तर त्या थंड थरावर दव धरतं, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसंच. फरक इतकाच की बाटली पुसता येते. इथे ते पाणी न वाळलेल्या वार्निशमध्ये अडकतं, वार्निश फाटतं, आणि वाळल्यावर आत लाखो बारीक पोकळ्या राहतात. त्या उजेड विखुरतात, म्हणून पांढरं दिसतं. दुसरा हात मारणं म्हणजे पुन्हा गारवा, पुन्हा दव. पाऊस थांबलेला असून उपयोग नाही. पाऊस थांबल्यानंतरची ती कोंदट, चिकट संध्याकाळ तितकीच वाईट.

तशीच साय आणखी एका कारणाने येते. मॅट वार्निशमध्ये चकाकी मारणारी बारीक भुकटी असते, ती डब्याच्या तळाशी बसते. डबा नीट हलवला नाही तर भुकटीच जास्त बाहेर पडते. घड्याळ लावून दोन मिनिटं हलवा. हात दुखला पाहिजे.

मी सगळ्यांना विचारत सुटले. एका अनुभवी गृहस्थांनी, ज्यांच्याकडे काचेच्या कपाटात चाळीस किटं आहेत, मला सांगितलं की सराव वाढवा. बस. त्यांचं एकही बिघडलेलं किट मला आजवर दिसलेलं नाही, आणि माझं ठाम मत आहे की ज्याच्या घरी एखादं तरी वाया गेलेलं किट दिसत नाही त्याच्याकडे शिकायला जाऊ नये.

उत्तर मिळालं ते कसबा पेठेत, कुंभारवाड्यात. गणपतीचे दिवस जवळ आलेले, मी घरच्या मूर्तीची नोंदणी करायला गेले होते. एक काका गनने मूर्तीच्या पितांबराला शेड मारत होते, बाहेर धो धो पाऊस. मी पिशवीतून रोबोट काढून दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, नखाने खरवडला, म्हणाले, “ताई, माल ओल्या हवेत मारलात.” मी म्हटलं, तुम्हीपण पावसातच मारताय की. त्यांनी मान वर करून दाखवलं. मूर्तींच्या रांगेवर मोठे दिवे लावलेले, दार अर्धं लोटलेलं, ताडपत्री. “आधी मूर्ती शेकायची, मग हात. आणि लई पातळ.” वर हेही म्हणाले की घाईची मूर्ती ते पाण्याच्या रंगावरच सोडतात, चमक देतच नाहीत.

त्यांचं हे बोलणं मी तीन पावसाळे वापरते आहे. अडीचशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं छोटं मीटर घ्या. घरात आकडा 65 टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रे नाही. जुलैत माझ्याकडे तो 88पर्यंत गेलेला पाहिला आहे. फारच अडलं तर पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना पिवळा बल्ब लावून किट आधी कोमट करून घ्या. कोमट म्हणजे हाताला बाळाच्या दुधाच्या बाटलीसारखं, गरम नाही. मी एकदा हेअर ड्रायर जवळून धरला आणि रोबोटचा अँटेना मेथीच्या देठासारखा मान टाकून बसला. काहीही करा, पण पहिला हात रनरच्या फेकायच्या तुकड्यावर मारा, तोच रंग, तोच थर देऊन, आणि वीस मिनिटं थांबा. तुकडा पांढरा पडला तर किट डब्यात. सगळ्यात सोपं म्हणजे पावसाळ्यात स्प्रे सोडून द्या आणि ब्रशने लावायचं पाण्यातलं मॅट वार्निश वापरा. त्यात भराभर उडणारा द्रावक नाही, त्यामुळे ही साय सहसा येत नाही. वाळायला वेळ लागतो, दोन दिवस हात लावू नका, एवढंच.

ज्यांचं आधीच पांढरं झालंय त्यांनी रडू नका, आणि घासूही नका. ओल्या बोटाने तो डाग पुसट भिजवा. ओला असताना डाग गायब होऊन खालचा रंग दिसत असेल, तर किट वाचण्याची बरीच शक्यता आहे. पाण्याने पोकळ्या भरल्या म्हणून उजेड सरळ गेला, तेच काम ग्लॉस वार्निश कायमचं करतं. किट तसंच ठेवा. मी माझा रोबोट तसाच बंद डब्यात ठेवला, कोजागिरीनंतर एका कोरड्या दुपारी ग्लॉसचा पातळ हात मारला आणि डोळ्यांदेखत साय विरघळली. मग आठवड्याने मॅट. घाईने जाड थर मारू नका, खाली अॅक्रिलिक असेल तर त्याला सुरकुत्या पडतात.

दोन गोष्टी रागाने सांगायच्या आहेत. हार्डवेअरच्या दुकानातला दाराखिडक्यांचा स्प्रे स्वस्त पडतो म्हणून किटवर मारू नका. त्यातला द्रावक पॉलिस्टायरिन, म्हणजे किटचं प्लॅस्टिक, खाऊ शकतो, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पृष्ठभाग तयार होतो, आणि त्यावर उपाय नाही. आणि फवारताना घरात निरांजन, कासवछाप, गॅस, काहीही पेटतं नको. डबा गार आहे म्हणून गॅसवर धरणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे. कोमट पाण्यात ठेवायचा असतो हो तो. कापडी मास्कने वाफ अडत नाही, वाफ अडवणाऱ्या काडतुसाचा (कार्ट्रिजचा) मास्क घ्या. ब्रशवरचे शंभर रुपये वाचवा पण यावर नको.

एअरब्रशचं, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या यंत्राचं विचाराल तर पहिल्या वर्षी घेऊ नका. ब्रशने पातळ थरावर थर द्यायला शिका. एअरब्रश घेतला की सहा महिने तो साफ करण्यातच जातात, रंगवणं बाजूला राहतं. असं माझं मत आहे, आणि माझ्याकडे एअरब्रश आहे.

तो रोबोट भाच्याकडे गेला, चार महिने उशिरा. डाव्या गुडघ्याच्या मागे ग्लॉस पोचला नव्हता, तिथे बोटभर पांढरं राहिलं आहे. मी त्याला सांगितलं होतं की आण, नीट करून देते. तो आणत नाही. म्हणतो, तिथे बर्फाच्या ग्रहावरचं लागलंय त्याला.